चूक आणि बाध : बालकांच्या विज्ञानाध्ययनातील प्रमादाचा विचार

१

बालकाच्या विज्ञानाध्ययनात चुकीचे स्थान कोणते, या प्रश्नाला शिक्षणविचारात सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिल्या उत्तराप्रमाणे चूक ही ज्ञानाची केवळ उणीव होय. योग्य उत्तर सांगितले आणि ते पाठ झाले, म्हणजे ती उणीव भरून निघते. दुसरे उत्तर याच्या अगदी उलट आहे. मूल चुकांतूनच शिकते, सबब चुकांचे स्वागत करावे, असे ते सांगते. पहिले उत्तर शाळांच्या नित्य व्यवहारात रुजलेले आहे. दुसरे शिक्षक-परिषदांतील भाषणांत वारंवार ऐकू येते. या दोन्ही उत्तरांत एक साम्य मात्र आहे. चूक म्हणजे नेमके काय, ती कशातून उद्भवते आणि कशाने नाहीशी होते, याची चौकशी दोहोंपैकी कोणीही करीत नाही.

गेल्या शतकात ही चौकशी काही अभ्यासकांनी मनापासून केली. त्यांच्या प्रतिपादनांची तुलनात्मक परीक्षा करणे आणि तिच्या आधारे वर्गातील चुकीचे मूल्य ठरविणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. भारतीय ज्ञानमीमांसेतील ख्यातिवादाची आणि बाधाच्या कल्पनेची या कामी मदत कशी होते, हेही ओघाने पाहावयाचे आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक साधे उदाहरण प्रारंभीच घेणे इष्ट होईल. स्टीलच्या पेल्यात बर्फाचे पाणी ठेवले असता थोड्या वेळाने पेल्याच्या बाहेरच्या अंगास थेंब जमतात. हे पाणी कोठून आले, असे विचारले असता काही मुले ते आतून आले असे सांगतात. रॉजर ऑस्बर्न व मार्क कॉसग्रोव्ह यांनी न्यूझीलंडमधील मुलांच्या मुलाखतींवरून १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातही, पाणी काचेतून बाहेर येते असे मानणारी मुले आढळतात. आता हेच उत्तर मराठी घरातील एखाद्या मुलाने 'पेला पाझरला' या शब्दांत दिले, तर त्याच्या मागे काय असेल याचा विचार करावा. त्याच्या घरी माठ असतो. माठ बाहेरून ओला असतो आणि ते पाणी खरोखरच आतून पाझरलेले असते. किंबहुना त्या पाझरण्यामुळे बाष्पीभवन होऊनच आतील पाणी गार राहते. गार पाण्याचे भांडे बाहेरून ओले झाले, तर ते पाणी आतले समजावे, हा नियम त्या मुलाच्या अनुभवात पूर्णपणे खरा ठरलेला आहे. चूक आहे ती तो नियम धातूच्या भांड्याला लावण्यात. परंतु उत्तरपत्रिकेत या अनुमानाला आणि कसलाही विचार न करता लिहिलेल्या एखाद्या ओळीला सारखेच शून्य मिळते. या दोन शून्यांत भेद करता येणे, हाच प्रस्तुत विषयातील खरा प्रश्न आहे.

२

हा भेद शास्त्रीय अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे प्रथम ठळकपणे दाखविले ते झाँ पियाजे यांनी. मृदुकाय प्राण्यांवरील प्रबंधाबद्दल १९१८ मध्ये डॉक्टरेट मिळविलेला हा तरुण पुढील वर्षी पॅरिसला गेला. आल्फ्रेड बिने यांचे निधन १९११ मध्येच झाले होते. त्यांचे सहकारी थिओडोर सिमाँ यांनी पियाजे यांच्याकडे एक काहीसे रुक्ष काम सोपविले. सिरिल बर्ट यांनी रचलेल्या तर्कविषयक कसोट्या पॅरिसमधील मुलांना देऊन त्यांची मानके ठरवावयाची होती. अशा कामात बरोबर उत्तरे मोजली की काम संपते. पियाजे यांचे लक्ष मात्र चुकीच्या उत्तरांकडे गेले. एकाच वयाची मुले एकाच प्रकारे चुकतात, आणि वय वाढले की त्या चुका कमी होतातच, शिवाय त्यांचा प्रकारही बदलतो, असे त्यांना दिसून आले. ज्या चुकांत नियम आहे त्या चुकांमागे विचारही असला पाहिजे, हे अनुमान येथून निघाले. आणि मुलाला प्रश्न विचारून, त्याच्या उत्तरावर पुन्हा प्रश्न विचारीत जाण्याची त्यांची पद्धतीही येथूनच आकारास आली.

१९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुलांच्या विश्वकल्पनेवरील त्यांच्या ग्रंथात अशा उत्तरांचा मोठा संग्रह आहे. सूर्य व चंद्र आपल्या मागोमाग चालतात, डोंगर व सरोवरे माणसांनी घडविली आहेत, अशी ती उत्तरे आहेत. ग्रंथाचे थोरपण यात आहे की लेखक या उत्तरांना हसत नाही. तथापि त्याची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. पियाजे यांच्या लेखी चूक ही प्रामुख्याने एका अवस्थेचे लक्षण असते. वैद्य ज्याप्रमाणे नाडी पाहून प्रकृती ओळखतो, त्याप्रमाणे ते चूक पाहून मुलाची बौद्धिक अवस्था ओळखतात. अमुक एक मूल अमुक एका चुकीतून कसे बाहेर पडले, हा प्रश्न या पहिल्या ग्रंथांत बहुतांशी बाजूला राहतो. शिक्षकाला तर नेमके तेच हवे असते. केवळ अवस्थेचे निदान हाती आले, तर 'वय वाढेल तसे समजेल' या वाक्याचा आधार घेऊन स्वस्थ बसण्याचा मोह त्याला होऊ शकतो.

३

ही उणीव पियाजे यांच्याच जिनीव्हा येथील परंपरेतून भरून निघाली. ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ व बार्बेल इनहेल्डर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला, ठोकळे तोलून धरण्याविषयीचा निबंध हा या विषयावरील सर्वांत बोधप्रद निबंधांपैकी एक होय. प्रयोग अत्यंत साधा होता. सुमारे साडेचार ते साडेनऊ वर्षे वयाच्या मुलांना निरनिराळे ठोकळे एका अरुंद पट्टीवर तोलून ठेवावयास सांगितले. काही ठोकळे सर्वत्र सारख्या वजनाचे होते. काहींच्या एका टोकास उघड दिसेल असे वजन होते. आणि काहींच्या एका टोकात ते न दिसेल असे लपविलेले होते.

सर्वांत लहान मुलांनी बहुतेक ठोकळे तोलून दाखविले. ती ठोकळा सरकवीत, बोटांना भार कोणीकडे जाणवतो ते पाहत आणि त्याप्रमाणे जागा बदलीत. त्यांच्यापेक्षा मोठी मुले मात्र लपविलेल्या वजनाच्या ठोकळ्यांवर अडली. प्रत्येक वस्तू तिच्या मध्यावर तोलली जाते, असा सिद्धांत त्यांच्या मनात तयार झालेला होता. ठोकळा मध्यावर ठेवला की पडे. तरी ती तो पुन्हा मध्यावरच अधिक काळजीपूर्वक ठेवीत. आणि अखेरीस हा ठोकळा तोलला जाणे शक्यच नाही असे म्हणून बाजूस सारीत. डोळे मिटून तोलावयास सांगितले, तर यांपैकी काही मुलांना तोच ठोकळा तोलता येत असे. याहून मोठी मुले वजनाचा विचार करू लागली होती आणि ती पुन्हा यशस्वी झाली.

उत्तरे मोजणाऱ्या परीक्षकाच्या वहीत मधल्या गटाला सर्वांत कमी गुण पडतील. आणि विचाराच्या दृष्टीने पाहता तोच गट पहिल्या गटाच्या पुढे गेलेला आहे. लहान मुलाचे यश हाताचे होते, त्यात नियम नव्हता. मधल्या मुलाचे अपयश नियमातून आलेले होते, आणि नियम हाती असल्यावाचून अपवाद दिसणेही शक्य नसते. यश वाढले म्हणजे ज्ञान वाढले आणि चुका वाढल्या म्हणजे ज्ञान घटले, हे परीक्षापद्धतीचे गृहीतक या एका प्रयोगाने डळमळीत होते.

परंतु याच प्रयोगातील दुसरी बाजू चुकांचे स्वागत करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावयास हवी. मधल्या गटातील मुलांचे ठोकळे त्यांच्या डोळ्यांदेखत पडत होते. म्हणजे विरोधी पुरावा भरपूर होता. तरीही त्यांनी सिद्धांत सोडला नाही. केवळ चूक घडल्याने, किंबहुना ती पुनःपुन्हा घडल्यानेही, ज्ञान होत नाही. सारख्या वजनाच्या ठोकळ्यांवर सिद्धांत पक्का झाल्यानंतर आणि न बसणाऱ्या ठोकळ्यांतही काही नियमितपणा आहे अशी शंका आल्यानंतरच तो बदलू लागतो. चुकीतून शिकावयाचे, तर प्रथम चूक नीट धरून ठेवण्यास अवधी मिळावा लागतो. चूक होताच शिक्षक पुढे होऊन ठोकळा योग्य जागी ठेवून देतो, तेव्हा हा अवधी हिरावला जातो.

४

चुकीच्या या चिवटपणाचे कारण गास्ताँ बाशलार यांनी निराळ्या दिशेने शोधले. बार-स्यूर-ओब या आपल्या गावी १९१९ पासून १९३० पर्यंत त्यांनी पदार्थविज्ञान व रसायन हे विषय शिकविले होते. १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वैज्ञानिक मनाच्या घडणीवरील त्यांच्या ग्रंथाला या वर्गातील अनुभवाचा भक्कम आधार आहे. विद्यार्थी वर्गात येतो तो कोरी पाटी घेऊन येत नाही. रोजच्या जीवनाने त्याच्या मनात एक पदार्थविज्ञान आधीच रचून ठेवलेले असते, आणि नवे ज्ञान या जुन्या ज्ञानाच्या विरोधातच मिळवावे लागते, हा त्यांचा मुख्य सिद्धांत. या जुन्या ज्ञानाला ते अडथळा म्हणतात.

तरंगणाऱ्या वस्तूंचे त्यांनी दिलेले उदाहरण मार्मिक आहे. लाकडाचा तुकडा पाण्यात हाताने दाबला की तो प्रतिकार करतो. हा प्रतिकार लाकूड करते असे विद्यार्थ्याला वाटते. पाणी करते असे वाटत नाही. तरंगणे ही लाकडाची करामत आहे असे ज्याच्या हाताला जाणवते, त्याला आर्किमिडीजचा सिद्धांत सांगून पटत नाही. तो सिद्धांत पाठ करतो आणि लाकडाविषयीची आपली समजूत जशीच्या तशी ठेवतो. शिवाय असे अडथळे मुलांच्याच मनात असतात असे नव्हे. अठराव्या शतकात रेओमूर यांच्यासारखा शास्त्रज्ञ हवेचे आकुंचन स्पंजाच्या प्रतिमेने समजावून देतो आणि प्रतिमा परिचित आहे म्हणून स्पष्टीकरण पूर्ण झाले असे मानतो, याकडेही बाशलार लक्ष वेधतात.

शिक्षकाला विद्यार्थ्याची चूक का समजत नाही, या प्रश्नाला बाशलार यांच्याइतके परखड उत्तर क्वचितच कोणी दिले असेल. तरीही त्यांच्या भूमिकेत एकांगीपणा आहे. जुने ज्ञान हा अडथळाच असेल, तर तो हटविणे एवढेच काम उरते. मग माठाच्या अनुभवाचे काय करावयाचे? पेल्याविषयीची चूक त्या अनुभवातून निघाली हे खरे. पण माठाविषयीचे ज्ञान चूक नव्हे. ते नाहीसे केले, तर बाष्पीभवनाचा पाठ कशावर उभारावयाचा?

५

नेमका हाच आक्षेप जॉन स्मिथ, अँड्रिया डिसेसा व जेरेमी रोशेल यांनी १९९३ च्या सुमारास एका विस्तृत निबंधात मांडला. मुलांच्या कल्पनांना चुकीच्या ठरवून त्या उपटून टाकण्याची भाषा त्यांना मान्य नाही. चुकीची म्हटली जाणारी कल्पना बहुधा एखाद्या क्षेत्रात उपयुक्त व यथार्थ असते आणि चूक ती दुसऱ्या क्षेत्रात नेण्यात असते. तज्ज्ञाचे ज्ञानही याच सामग्रीच्या पुनर्रचनेतून तयार होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

भारतीय दर्शनांच्या अभ्यासकाला येथे ख्यातिवादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. शिंपीच्या ठिकाणी रजत भासते, या भ्रमाची उपपत्ती निरनिराळ्या दर्शनांनी निरनिराळी दिली. प्राभाकर मीमांसकांच्या मते तेथे मिथ्या ज्ञान असे काही नसते. समोरचे प्रत्यक्ष आणि मनातील स्मरण यांच्यातील भेदाचे ग्रहण झालेले नसते, एवढेच. नैयायिकांच्या मते रजत खरेच असते, पण ते अन्यत्र. एका ठिकाणचा खरा धर्म दुसऱ्या ठिकाणी भासतो, ही अन्यथाख्याति होय. स्मिथ आणि त्यांचे सहकारी यांची भूमिका या दुसऱ्या मताशी बरीच जुळते: पाझरणे खरे आहे, पण ते माठाचे, पेल्यावर त्याचा आरोप झाला आहे. अर्थात हे साम्य ताणता कामा नये. दर्शनकारांपुढे एका क्षणाच्या प्रत्यक्षातील भ्रम होता. येथे वर्षानुवर्षे टिकणारी समजूत आहे. तथापि दर्शनकारांनी जो प्रश्न पुढे विचारला, तो आधुनिक चर्चेत पुरेशा स्पष्टपणे येत नाही, आणि तोच शिक्षकाच्या उपयोगाचा आहे. तो प्रश्न असा : ज्ञान अयथार्थ आहे हे ज्ञात्याला कळते कसे?

मीमांसकांचे उत्तर असे की ज्ञान उत्पन्न होताच ते प्रमाण म्हणूनच स्वीकारले जाते. त्याचे अप्रामाण्य मात्र बाहेरून कळते, आणि ते दोन मार्गांनी. एक, पूर्वज्ञानाच्या विरुद्ध असे बाधक ज्ञान उत्पन्न झाल्याने. दुसरा, ज्या कारणांनी ते ज्ञान झाले त्यांतील दोष कळल्याने. बाध हा ज्ञात्याच्या ठिकाणीच व्हावा लागतो. जवळ जाऊन हात लावल्यावर शिंपी आहे असे ज्याला कळले, त्याचा भ्रम गेला. दुरून कोणी 'ते रजत नव्हे' असे ओरडून सांगितल्याने तो ऐकून घेईल, पण त्याला दिसत राहील ते रजतच. शाळेतील लाल फुली ही बहुतेक वेळा अशी दुरून मारलेली हाक असते. ती अप्रामाण्याचा निर्णय देते. बाधकही दाखवीत नाही आणि कारणदोषही सांगत नाही.

६

चुकीचा बाध कसा घडवावा याकडे वळण्यापूर्वी, जी चूक म्हणून नोंदविली जाते ती खरोखर मुलाची असते काय, याचीही शहानिशा केली पाहिजे. स्टेला वोस्नियादू व विल्यम ब्रूअर यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतील ६० मुलांच्या पृथ्वीविषयक कल्पनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृथ्वी गोल आहे असे म्हणणाऱ्या मुलांच्या मनात ताटासारखी चपटी पृथ्वी, किंवा आतून पोकळ गोल आणि त्याच्या आत सपाट जमीन, अशा प्रतिमा असल्याचे त्यांना आढळले. पृथ्वी गोल आहे हे ऐकलेले, आणि जमीन सपाट आहे हे पाहिलेले. या दोहोंचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न होता. ए. समरपुंगवन यांच्यासह याच संशोधकांनी हैदराबाद येथील मुलांविषयी १९९६ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पृथ्वी पाण्यावर आधारलेली आहे अशी कल्पना अनेक मुलांत दिसून आली. घरात ऐकलेल्या विश्वकल्पनेचा हा ठसा होता.

या निष्कर्षांवर २००१ मध्ये स्वीडनमधील यान शुल्ट्झ, रॉजर सेल्यो व यान विंढाम यांनी गंभीर आक्षेप घेतला. मुलांसमोर पृथ्वीचा गोल ठेवून त्यांनी तशाच प्रकारचे प्रश्न विचारले, तेव्हा आधीच्या अभ्यासात आढळलेल्या बहुतेक चमत्कारिक कल्पना दिसल्याच नाहीत. याचा अर्थ पहिला अभ्यास निरर्थक ठरला असा नव्हे. गोल समोर असता मूल त्याच्या आधाराने बरोबर बोलते, एवढ्यावरून त्याला पृथ्वीचे आकलन झाले असेही म्हणता येत नाही. परंतु चूक ही मुलाच्या मनात ठेवलेली, उचलून मोजावी अशी वस्तू नव्हे. ती मूल, प्रश्न आणि समोरची साधने यांच्या संबंधात प्रकट होते, हे या वादाने सिद्ध केले. चूक वाचणाऱ्याने प्रथम आपला प्रश्न वाचावा, ही शिस्त त्यातून निष्पन्न होते.

७

आता पुन्हा पेल्याकडे वळावे. 'पेला पाझरला' असे म्हणणाऱ्या मुलाच्या ठिकाणी बाध कसा घडेल? पेल्यात रंगीत पाणी घालून बाहेरचे थेंब रंगहीन आहेत असे दाखविणे, ही पहिली सुचणारी युक्ती. यावर एखादे मूल असे म्हणेल की रंग आत राहिला आणि पाणी तेवढे बाहेर आले. हा हट्ट नव्हे. फडक्यातून पाणी गाळणारा कोणीही असेच म्हणेल. गृहीतक वाचविण्याचा तो रास्त प्रयत्न आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. मग पेला झाकण लावून तराजूत ठेवावा. पाणी आतून बाहेर आले असेल, तर पेल्याचे एकूण वजन बदलावयास नको; परंतु थेंब जमतात तसे वजन वाढते. हे जास्तीचे वजन बाहेरून आले आहे, आणि पेल्याच्या बाहेर हवेवाचून काही नाही. येथे बाध घडतो.

तरीही तो प्रत्येकाच्या ठिकाणी घडेलच असे नाही. पदार्थाचे रूप बदलले तरी वजन कायम राहते, ही कल्पना मुलांत साधारणतः नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास स्थिर होते, असे पियाजे व इनहेल्डर यांनी दाखविले आहे. ज्याला ती मान्य नाही त्याच्यापुढे तराजूचा पुरावा मुका ठरतो. अवस्थांच्या विचाराचे खरे स्थान हे आहे : मूल कोणती चूक करते हे सांगण्यापेक्षा, कोणता पुरावा त्याच्यासाठी पुरावा ठरेल हे सांगण्यात त्याचा उपयोग अधिक आहे.

बाध झाल्यावरही काम उरते. माठ का पाझरतो आणि पेला का पाझरत नाही, हे सांगितल्यावाचून कारणदोष उलगडत नाही. मातीची सूक्ष्म छिद्रे, धातूचे सघनत्व, हवेतील बाष्प हे सर्व या एका चुकीच्या उलगड्यात येते. हाच प्रयोग एप्रिल महिन्यात नागपूरच्या कोरड्या हवेत केला तर थेंब कमी जमतात आणि कोकणात मुबलक जमतात. प्रयोग फसला असे नागपूरच्या शिक्षकाला वाटेल, परंतु पाणी हवेतून येते याचा तो आणखी एक पुरावा होय. बरोबर उत्तर एका वाक्यात पाठ केलेल्या विद्यार्थ्याच्या हाती यांपैकी काहीही येत नाही.

८

यावर असा आक्षेप येईल की साठ-सत्तर मुलांच्या वर्गात प्रत्येक चुकीची अशी चौकशी अशक्य आहे. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. पियाजे यांच्या मूळ निरीक्षणाप्रमाणे मुले अनियमितपणे चुकत नाहीत. साठ मुलांच्या साठ चुका नसतात, चार-पाचच असतात. त्या आधी ठाऊक असल्या, तर पाठाची आखणी त्यांच्याभोवती करता येते. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून विज्ञानशिक्षणाच्या संशोधनात गुंतलेले आहे. अशा चुकांचे संकलन मराठी शाळांतील मुलांच्या भाषेत, माठ, चूल, रहाट, पेरणी यांच्या अनुभवासह होत गेले पाहिजे. परदेशी सूचींच्या भाषांतराने ते साधणार नाही.

अधिक बिकट प्रश्न परीक्षेचा आहे. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांत सुरू झालेल्या आणि १९७८ पासून संपूर्ण जिल्ह्यात पसरलेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने तो टाळला नाही. मुलांनी स्वतः प्रयोग करावेत आणि निष्कर्षांवर चर्चा करावी, एवढ्यावर न थांबता त्या कार्यक्रमाने पुस्तक जवळ ठेवून द्यावयाची लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिक परीक्षाही स्वीकारली. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. त्याच्या गुणदोषांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. परंतु ज्या परीक्षेत केवळ अंतिम उत्तराला गुण आहेत, त्या परीक्षेच्या छायेत चुकांविषयी कितीही उदार तत्त्वज्ञान सांगितले तरी मूल आपली चूक लपवील, हे त्या कार्यक्रमाच्या कर्त्यांनी ओळखले होते. लपविलेल्या चुकीचा बाध होत नाही.

सारांश, चूक हा दोष नव्हे आणि गुणही नव्हे. ती एका ज्ञानाची, चुकलेल्या ठिकाणची, उपस्थिती आहे. तिचे शैक्षणिक मूल्य तिच्या स्वतःत नसून, तिचा बाध कोणाच्या ठिकाणी आणि कशाने झाला यावर अवलंबून असते. चूक खोडणारा शिक्षक आणि तिचे कौतुक करून पुढे जाणारा शिक्षक हे दोघेही मुलाला त्याच जागी सोडून जातात. वाट चुकलेल्या प्रवाशाला योग्य गावाचे नाव सांगून भागत नाही. तो कोठून निघाला आणि कोणत्या फाट्यावर वळला, हे विचारावे लागते. विज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न विचारण्यास वेळ आणि गुण या दोहोंची तरतूद होत नाही, तोवर 'पेला पाझरला' या उत्तरापुढील शून्य हे मुलाच्या ज्ञानाचे माप ठरणार नाही. ते परीक्षेच्याच अपुरेपणाचे माप राहील.